इथंच तर आहे!

बऱ्याच दिवसांनी लिहायला बसले आहे. गुडघे, मोतीबिंदू आणि पाहुणे ही तीन कारणं तुम्हाला ठाऊकच आहेत, ती पुन्हा उगाळत नाही. आज मात्र थोडं भांडायचं आहे. कोणाशी म्हणाल, तर तुमच्याशी. आणि माझ्याशीही.

झालं असं, की २०२५ च्या २५ डिसेंबरला आपल्या नव्या विमानतळावरून पहिली विमानं उडाली. खांदा कॉलनीतल्या साऱ्या गच्च्या त्या दिवसांत माणसांनी फुललेल्या. आमचीही. कोणी मोबाईल उंच धरून, कोणी नातवंडांना खांद्यावर घेऊन. माझा नातू न्यू जर्सीहून सुट्टीला आलेला. वय वर्षं अकरा. त्याला विमानांचं काय कौतुक असणार! सगळे पश्चिमेला तोंड करून उभे, आणि हा पठ्ठ्या पाठ फिरवून दक्षिणेकडे बघत होता. म्हणाला, "आजी, तो डोंगरावर अंगठा कसला गं?"

मी म्हटलं, "अरे, तो कर्नाळा. किल्ला आहे तो."

"तू चढलीस त्याच्यावर?"

"नाही रे."

"का?"

आता काय सांगणार? तोंडातून आपसूक निघालं, "अरे, इथंच तर आहे! जाऊ कधीतरी."

त्यानं माझ्याकडे असं काही पाहिलं, की वर्गातला एखादा हुशार मुलगा चुकलेल्या बाईंकडे पाहतो तसं. इथंच आहे म्हणून गेले नाही, हे उत्तर त्याच्या डोक्यात बसेना. खरं सांगायचं तर त्या क्षणापासून माझ्याही बसेना.

मी खांदा कॉलनीत राहायला आले १९९४ साली. म्हणजे तीस वर्षं उलटून गेली. कर्नाळा पनवेलपासून बारा किलोमीटर. इतक्या वर्षांत मी काशी, रामेश्वर, जयपूर आणि दोनदा अमेरिका केली. काखेत कळसा नि गावाला वळसा, ही म्हण मी किती वर्गांना वाक्यात उपयोग करायला दिली असेल, याचा हिशोब नाही. आयुष्यात उपयोग करायचा राहूनच गेला!

मग मी चौकशी सुरू केली. खांदेश्वरच्या तळ्याकाठी आमचा संध्याकाळचा कट्टा असतो. नऊजण होतो. कर्नाळा किल्ल्यावर गेलेले किती? एक. तेही कॉलेजात असताना. खाली अभयारण्यात गेलेले तीन. शिरढोणला वासुदेव बळवंत फडक्यांचं घर पाहिलेले? कोणी नाही. घारापुरीची लेणी दोघांनी पाहिलेली, आणि दोघांनाही वाटत होतं की ती मुंबईत येतात. अहो, घारापुरी आपल्या रायगड जिल्ह्यात, उरण तालुक्यात आहे! १९८७ पासून जागतिक वारशाच्या यादीत आहे. आणि त्या बेटावर कायमची वीज पोहोचली २०१८ साली. जग बघायला येतं त्या गावात सत्तर वर्षं नीट दिवा नव्हता, हे आपल्याला माहीत नसावं?

२०२५ च्या जुलैत आपले बारा किल्ले युनेस्कोच्या यादीत गेले, तेव्हा सोसायटीच्या ग्रुपवर भगव्या झेंड्यांचा पाऊस पडला होता. 'अभिमान', 'गर्व', 'आपला वारसा' वगैरे. बारांपैकी रायगड आणि खांदेरी हे दोन आपल्या जिल्ह्यातले. मी आपलं साधं विचारलं, "खांदेरी कोणी कोणी पाहिलाय?" ग्रुपवर एवढी शांतता मी आजवर पाहिली नव्हती. दुसऱ्या दिवशी एकदम सुप्रभातच आलं.

नातेवाईक मंडळी, तुम्ही हसू नका. पुण्याच्या वन्सं, शनिवारवाडा आतून शेवटचा कधी पाहिलात? बोरिवलीच्या वहिनी, तुमच्या खिडकीतून नॅशनल पार्कची झाडं दिसतात. तिथं कान्हेरीची शंभरावर लेणी आहेत. गेलात? आणि आमचे चिरंजीव! न्यू जर्सीत जाऊन सहा वर्षं झाली होती तरी त्यांनी स्वातंत्र्यदेवीचा पुतळा जवळून पाहिला नव्हता. २०११ मध्ये मी गेले तेव्हा आईला दाखवायचा म्हणून गेले, आणि आईच्या निमित्तानं स्वतः पाहिला. म्हणजे पाहुणा आल्याशिवाय आपल्याला आपलं गाव दिसतच नाही.

आता कारणं घेऊ. एकेक करून घेते, शिक्षकी सवय आहे.

पहिलं कारण, वेळ नाही. जी बाई पहाटे उठून, डबे भरून, पनवेलहून सीएसएमटीपर्यंत सव्वा-दीड तास उभ्यानं जाते आणि तशीच येते, तिच्याबद्दल मी ब्र काढणार नाही. तिचा रविवार तिचा आहे. पण बाकीच्यांचं काय? महडचा वरदविनायक, पालीचा बल्लाळेश्वर इथं आपण चतुर्थीला तासन्‌तास रांगेत उभे राहतो की! म्हणजे वेळ आहे. देवाच्या दर्शनाला आहे, डोंगराच्या नाही. 'दर्शन' म्हणजे पाहणं, एवढंच मी मराठीची शिक्षिका म्हणून नोंदवते.

दुसरं कारण, गर्दी आणि हुल्लडबाजी. हे खरं आहे. पावसाळ्यात खारघरच्या पांडवकड्यावर इतके जीव गेले, की तिथं बंदी घालावी लागली. शनिवार-रविवारी कलावंतिणीच्या वाटेवर जत्रा असते. पण मला सांगा, निवृत्त माणसाला रविवारच कशाला लागतो? आपल्याकडे आठवड्याचे सात वार मोकळे पडलेले असतात. आणि जाणती माणसं घरी बसली तर ती जागा कोणाच्या हाती जाणार?

तिसरं कारण सगळ्यांत लबाड आहे. "आम्ही मूळचे इथले नाही हो." सिडकोनं वसवलेल्या या कॉलनीत सातारा, सांगली, जळगाव, रत्नागिरी सगळं नांदतं. प्रत्येकाचं 'गाव' दुसरीकडे. मीही त्यातलीच. माहेर वाईचं, सासर चिपळूणचं. कोणी विचारलं की अजून वाईच सांगते. पण रेशनकार्ड इथलं, मतदान इथलं, पाणी इथलं, मुलं वाढली इथं. यजमान गेले तेही इथंच. तरी पनवेल म्हणजे आपला नुसता पत्ता? गावी गेलो की देवळापासून विहिरीपर्यंत सगळं मुलांना दाखवतो, आणि इथं मात्र स्टेशन, मार्केट नि डॉक्टर. तीस वर्षं लॉजवर राहिल्यासारखं राहायचं आणि वर म्हणायचं, या शहराला काही संस्कृतीच नाही!

आता माझी पाळी. दुसऱ्यांचे कान पिळून झाले.

मी चौतीस वर्षं मराठी आणि इतिहास शिकवला, त्यातला बराच काळ याच पनवेल तालुक्यात. वासुदेव बळवंतांबद्दल दरवर्षी शिकवत होते. जन्म ४ नोव्हेंबर १८४५, शिरढोण. १८७९ साली अटक, मग जन्मठेप, एडनचा तुरुंग, तिथून पळण्याचा प्रयत्न, १७ फेब्रुवारी १८८३ रोजी मृत्यू. सनावळ्या मुलांकडून घोकून घेतल्या. शाळेची सहल असायची महाबळेश्वर-प्रतापगडची. पहाटे निघालेली बस पळस्पे फाट्यावरून गोवा रस्त्याला लागायची. आधी शिरढोण यायचं, मग कर्नाळ्याचं जंगल. मुलं गाण्याच्या भेंड्यांत, आणि आम्ही शिक्षक मुलं मोजण्यात. एकदाही, मंडळी, एकदाही मला उठून म्हणावंसं वाटलं नाही की बाळांनो, खिडकीबाहेर बघा, धड्यातलं शिरढोण ते हे! शाळेपासून दहा किलोमीटरवरचं क्रांतिकारकाचं घर ओलांडून मी मुलांना दोनशे किलोमीटरवर इतिहास दाखवायला नेत होते. याला काय म्हणावं?

जानेवारीत नातवाला घेऊन रिक्षानं शिरढोणला गेले. घर पाहिलं, स्मारक पाहिलं. परत रस्त्यावर आलो तर पोरगा म्हणाला, "आजी, अंगठा इथून केवढा मोठा दिसतो!" मी पाहिलं आणि मटकन खाली बसावंसं वाटलं. फडक्यांचे आजोबा अनंतराव कर्नाळ्याचे किल्लेदार होते. १८१८ साली किल्ला इंग्रजांनी घेतला. त्यानंतर सत्तावीस वर्षांनी हा नातू जन्मला, आजोबांच्या गोष्टी ऐकत वाढला. म्हणजे हरलेला किल्ला त्या मुलाच्या उशाशीच होता! एवढी साधी गोष्ट चौतीस वर्षं शिकवूनही मला कळली नव्हती, कारण ती पुस्तकात नाही. ती तिथं उभं राहिल्यावर दिसते. १६५७ साली महाराजांनी घेतलेला, १६६५ च्या पुरंदरच्या तहात गेलेला, १६७० मध्ये परत मिळवलेला तो किल्ला. मी त्याच्या तारखा शिकवल्या. तो शिकवलाच नाही.

कोणी म्हणेल, बाई, नाही गेलात तर नाही गेलात, कोणाचं काय बिघडलं? बिघडतं. सांगते.

विमानतळासाठी उलव्याची टेकडी तोडली, आठवतं? नव्वद मीटरच्या वर उंच होती. उलवे नदीचा प्रवाह वळवला. दहा गावं हलली. आमच्या गच्चीवरून ती टेकडी रोज दिसायची, सुरुंगांचे आवाज ऐकू यायचे. विमानतळ नको असं मी म्हणत नाही. मुलाला तो सोयीचाच आहे. पण ती टेकडी गेली तेव्हा आमच्या कट्ट्यावर कोणालाही सांगता आलं नाही, की तिच्यावर झाडं कोणती होती, वर देवाचं ठाणं होतं का, पलीकडून कशी दिसायची. त्या दहा गावांच्या लोकांना ठाऊक होतं, पण ते आपल्या घरांच्या काळजीत होते. आम्ही हजारो शेजारी, आम्हाला हळहळायलाही काही सापडलं नाही. जे कधी पाहिलंच नाही, ते गेल्याचं दुःख तरी कसं करणार? 'इथंच तर आहे' म्हणताना आपण धरून चालतो की ते तिथंच राहील. टेकडीसुद्धा राहत नाही, मंडळी.

कर्नाळ्याचं अभयारण्य झालं १९६८ साली. २००३ मध्ये ते साडेचार चौरस किलोमीटरच्या आसपास होतं त्याचं बारा चौरस किलोमीटर झालं. ते वाढलं कारण कोणीतरी तिथं जात होतं, पक्षी मोजत होतं, लिहीत होतं. त्याच्या मधून महामार्ग जातो. उद्या तिथं आणखी काही ठरलं, तर बोलायला उभं कोण राहणार? मुंबईहून आलेले पक्षिमित्र. आणि आपण गच्चीवरून बघणार.

जाणारी माणसं आपल्यातही आहेत, पण आपण त्यांना स्थानिकांत धरत नाही. पावसाच्या तोंडावर पनवेलच्या बाजारात ठाकूर-कातकरी बायका शेवळं घेऊन बसतात, सोबत काकडं. आपण घासाघीस करतो. "मावशी, शेवळं कुठली?" असं मी यंदा पहिल्यांदा विचारलं. तिनं डोंगराकडे हात केला आणि कुठल्या उतारावर आधी फुटतात, कुठे उशिरा, ते सगळं सांगितलं. ज्या डोंगराची भाजी मी तीस वर्षं खाल्ली, त्याचा भूगोल मला त्या दिवशी कळला. फुकटात. शेवळांचे पैसे मग घासाघीस न करता दिले.

आणि जवळचं पाहण्यात कमीपणा नाही. सलीम अलींनी १९३० च्या पावसाळ्यात अलिबागजवळ किहीमला राहून घराजवळच्या झाडावरच्या साध्या सुगरणींचं निरीक्षण केलं, आणि त्यातून त्यांचं नाव झालं. सुगरण! आपण जिला 'काय, चिमणीसारखी तर आहे' म्हणून सोडून देतो ती.

तर माझं म्हणणं थोडक्यात असं. शाळांनी पहिली सहल पंधरा किलोमीटरच्या आत न्यावी. प्रतापगड नंतर. सोसायट्यांनी वार्षिक पूजेच्या वर्गणीतून एक बस काढावी. आणि आमच्यासारख्या रिकामटेकड्यांनी कारणं सांगणं बंद करावं.

किल्ल्यावर चढणं आता माझ्या गुडघ्यांना जमणार नाही. हे पन्नाशीत करायचं काम होतं, ते गेलं. त्याबद्दल कोणाला दोष देणार? पण पायथ्याच्या जंगलातली पायवाट जमेल. कट्ट्यावरचे पाचजण तयार झाले आहेत. उघडं आहे ना याची चौकशी करून येत्या आठवड्यात कामाच्या दिवशी, सकाळी लवकर निघतोय. पाण्याच्या बाटल्या घरूनच न्यायच्या आणि घरीच आणायच्या. सहावी जागा रिकामी आहे. वन्सं, येता का?

नातवाला फोनवर हे सांगितलं. म्हणाला, "आजी, मी पुढच्या वर्षी येईन तेव्हा वर जाऊ. तू खाली थांब."

थांबते बापडी. काय दिसलं ते मात्र सगळं सांगायचं, अशी अट घातली आहे.