वर्दी आणि कारण

अर्थशास्त्रज्ञ क्लाइव्ह ग्रेंजर यांनी १९६९ मध्ये मांडलेली कसोटी आज मेंदूच्या विद्युत्-नोंदींना लावली जाते. एका भागाच्या पूर्वनोंदी विचारात घेतल्याने दुसऱ्याचे भाकीत अधिक अचूक होत असेल, तर पहिल्याला ‘कारण’ म्हटले जाते. परंतु नोंदीबाहेरचा तिसराच भाग दोघांना मागेपुढे चेतवीत असेल तर? कोंबडे पहाटेची वर्दी देते, पहाट घडवीत नाही; ते झाकले तरी उजाडतेच. असे झाकून पाहणे, म्हणजे तो भाग तात्पुरता निष्क्रिय करून परिणाम तपासणे, हीच खरी परीक्षा होय. अपस्माराच्या शस्त्रक्रियेत कोणता भाग काढावा हे ठरविताना वर्दीलाच कारण मानणे रुग्णाला महाग पडेल. ग्रेंजर यांची कसोटी संशयास पुरेशी आहे, निवाड्यास नव्हे.