नाणेघाटाची वाट एकदा बघाच



सुगी आटोपली आणि रब्बीला एक पाणी फिरले की घरात दोन दिवसांची सवड मिळते. पुष्कळ मंडळी अष्टविनायकाला निघतात. यंदा लेण्याद्रीचा गणपती केलात की तिथूनच माघारी फिरू नका. जुन्नरहून घाटघरच्या रस्त्याने सुमारे ३० किलोमीटरवर नाणेघाट आहे, तो मुलाबाळांना दाखवा.

कल्याण बंदरात उतरलेला माल याच घाटाने देशावर चढे. घाटमाथ्यावर दगडाचा एक मोठा रांजण आहे, तो जकातीचा म्हणून ओळखला जातो. खिंडीतून थोडे खाली उतरलात की लेणे लागते. सातवाहनांची राणी नागनिका हिचा ब्राह्मी लिपीतला लेख तिथल्या भिंतीवर आहे. दोन हजार वर्षांपूर्वीचा हा लेख म्हणजे यज्ञात दिलेल्या दानाचा हिशेबच. गाई, घोडे, हत्ती, गावे सगळे आकड्यांसह मांडले आहे. एके ठिकाणी तर २४,४०० कार्षापण नाणी दिल्याची नोंद आहे. शाळेत जाणाऱ्या मुलांना सांगा, आपल्या देशातले फार जुने आकडे इथे कोरलेले आहेत. त्यावर कोळशाने किंवा खडूने आपले नाव मात्र कुणी लिहू नये.

परतताना जुन्नरची लेणी बघा. ती काही राजांनीच कोरविली असे नाही. धान्याच्या व्यापाऱ्यांच्या श्रेणीने, म्हणजे त्यांच्या संघाने, सात खोल्यांचे लेणे आणि पाण्याचे टाके दान दिल्याचा लेख तिथे आहे. ते धान्य पिकविणारे तुमचे-आमचेच पूर्वज!

पण मला सर्वांत जास्त शिकविले ते जुन्नरच्याच दुसऱ्या एका लेखाने. एका दात्याने करंजाच्या झाडांसाठी २० निवर्तने आणि वडाच्या झाडांसाठी ९ निवर्तने जमिनीचे उत्पन्न लावून दिले आणि ते एका श्रेणीकडे सोपविले. निवर्तन हे त्या काळचे जमिनीचे माप.

हे वाचले आणि माझी मलाच लाज वाटली. नोकरीत मी कितीतरी गावांच्या रस्त्यांवर रोपे लावून घेतली. पावसाळ्यात खड्डे झाले, नारळ फुटले, भाषणे झाली. चैत्रात पाहावे तर निम्मी वाळलेली. रोपांचा खर्च आम्ही धरला होता, पाणी कोण घालणार हे मात्र कुणीच ठरविले नव्हते. त्या दात्याने उत्पन्नही ठरविले आणि जबाबदार माणसेही.

तेव्हा घरी आल्यावर एवढे करा. आपल्या शिवाररस्त्याला करंजाची पाचच झाडे लावा. करंज पाण्याचा ताण सोसतो आणि सावली दाट देतो. पण पहिली दोन-तीन वर्षे उन्हाळ्यात पाणी आणि गुरांपासून राखण हवीच. कोणते झाड कोणाच्या घराकडे, हे खड्डा घेण्याआधीच ठरवा.

नाणेघाटी जाताना पिण्याचे पाणी आणि भाकरी बरोबर घ्या. पावसाळ्यात पायऱ्या निसरड्या असतात आणि कड्यावर वारा फार, म्हणून मुलांचा हात सोडू नका.

जाऊन या, आणि पाच झाडांचे काय झाले ते पुढच्या चैत्रात मला अवश्य कळवा.