अमली पदार्थांची बंदी : कोणावर आणि कशासाठी?

अमली पदार्थांवर सरकारने घातलेली बंदी चालू ठेवावी की उठवावी, या विषयावर वादसभेत दोन्ही बाजूंना टाळ्या मिळतात. पण प्रश्न टाळ्यांनी सुटणारा नाही. आम्ही आमचे मत आरंभीच सांगून टाकतो. बंदी राहावी, मात्र ती विकणाऱ्यावर राहावी. व्यसनात सापडलेल्यास गुन्हेगार ठरविणारे कलम आता कायद्यातून निघावे.

बंदी घातली म्हणजे व्यापार थांबतोच असे नाही, याचा एक जुना दाखला आम्हां गोमंतकीयांना जवळचा वाटावा. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी माळव्यातील अफूला चीनमध्ये मोठी मागणी होती. ईस्ट इंडिया कंपनीला बंगालच्या अफूचा आपला मक्ता राखावयाचा होता. म्हणून तिने मुंबईची वाट अडविली. व्यापारी थांबले काय? मुळीच नाही. उज्जैन-इंदूरकडील अफू राजपुतान्यातून सिंधमध्ये, कराचीहून समुद्रमार्गे पोर्तुगीजांच्या दमणला आणि तेथून चीनला जाऊ लागली. एवढा वळसा परवडावा इतका त्या मालात नफा होता! 1843 साली इंग्रजांनी सिंध घेतला, तेव्हा ती वाट बुजली. कंपनीला चाड होती ती महसुलाची, चिनी माणसाच्या प्रकृतीची नव्हे, ही गोष्ट निराळी.

मग बंदी निरर्थकच म्हणावयाची काय? आम्हांस तसे वाटत नाही. 2019 साली प्रसिद्ध झालेल्या राष्ट्रीय पाहणीनुसार देशात दारू घेणारे सुमारे 16 कोटी होते. भांग, गांजा व चरस घेणारे सगळे मिळून सुमारे 3 कोटी, आणि अफूच्या जातीचे पदार्थ घेणारे 2 कोटींहून थोडे अधिक. उघड्या दुकानात जे मिळते ते किती पसरते, याचा थोडाबहुत अंदाज यावरून यावा. 'फेणीला परवाना आणि गांजाला तुरुंग, हा कुठला न्याय?' असे वरच्या वर्गांतील मुले विचारतात. विसंगती आहे खरी. राज्यघटनेच्या 47व्या अनुच्छेदात मादक पेये आणि मादक द्रव्ये एकाच वाक्यात आली आहेत. पण एका दुकानाने घरे बुडतात म्हणून त्याच्या शेजारी दुसरे मांडावे, हे काही त्या विसंगतीवरचे उत्तर नव्हे.

आपला सध्याचा कायदा 1985 सालचा. तो अमलात आला 14 नोव्हेंबरला, म्हणजे बालदिनीच! 2001 पासून त्यातील शिक्षा मालाच्या वजनाप्रमाणे ठरते. हेरॉईन 5 ग्रॅमपर्यंत असेल तर ते अल्प प्रमाण. 250 ग्रॅमच्या वर गेले की 10 ते 20 वर्षांची सक्तमजुरी. विकणाऱ्याच्या बाबतीत ही कठोरता आम्हांस वावगी वाटत नाही. खटकते ते कलम 27. केवळ सेवन केले एवढ्यासाठी हेरॉईन वा कोकेनच्या बाबतीत 1 वर्षापर्यंत आणि गांजासारख्या पदार्थांच्या बाबतीत 6 महिन्यांपर्यंत कैद, किंवा दंड, किंवा दोन्ही.

या कलमाचा खरा परिणाम न्यायालयापेक्षा घराच्या माजघरात दिसतो. नुकताच शाळेतून बाहेर पडलेला एकोणीस वर्षांचा मुलगा वाईट संगतीत सापडतो. आईच्या ते प्रथम ध्यानात येते. ती बापाला सांगते, आणि दोघे मिळून दार लावून घेतात. ज्वर आला असता तर रात्रीच डॉक्टरांकडे धावले असते. येथे मात्र चार लोक काय म्हणतील, पोलिसांच्या कानी गेले तर काय, नोकरीच्या वेळी आड आले तर काय, अशा भयाने महिने जातात. विकणाऱ्याला याहून सोयीचे काय असणार? त्याचे गिऱ्हाईक कोणाजवळ तोंड उघडू शकत नाही! त्याच पाहणीत असे आढळले की, अमली पदार्थांच्या आहारी गेलेल्यांपैकी फार थोड्यांनाच उपचार मिळतो.

ज्या पोर्तुगालचा अंमल गोव्यावर 1961 पर्यंत होता, त्याने 2001 साली निराळी वाट धरली. दहा दिवसांच्या सेवनास पुरेल इतकाच पदार्थ जवळ सापडला तर तो तेथे गुन्हा मानीत नाहीत. त्या माणसाला एका समितीपुढे नेतात व गरजेप्रमाणे उपचारांकडे वळवितात. व्यापार मात्र आजही गुन्हाच आहे. अमेरिकेतील ऑरेगन राज्याने 2020 च्या मतदानाने शिक्षा तर काढली, पण उपचारांची सोय वेळेवर उभी राहिली नाही, आणि 2024 साली त्यांना पाऊल मागे घ्यावे लागले. तेव्हा नुसते कलम खोडून भागणार नाही. आधी तालुक्यातालुक्यांत उपचाराची खाट हवी.

कर्करोगाच्या रुग्णांची कथा आणखी कष्टाची. नीमच-मंदसौरकडे सरकारी परवान्याने औषधासाठी अफू पिकते, तिच्यापासून वेदनाशामक मॉर्फीन होते. तरीही परवान्यांच्या जंजाळापायी आपल्याच देशातील रुग्ण त्यावाचून तळमळत राहिले. ते जंजाळ सैल करणारी दुरुस्ती 2014 साली झाली.

कलम 27 निघेल तेव्हा निघो. याच कायद्यात 64-अ हे कलम आहे, हे पालकांनी अवश्य ध्यानात ठेवावे. अल्प प्रमाणातच सापडलेला वा केवळ सेवनाचा आरोप असलेला व्यसनी स्वेच्छेने सरकारमान्य ठिकाणी उपचार घेऊ लागला, तर त्याच्यावर खटला चालत नाही; उपचार मात्र पुरा करावा लागतो. केंद्र सरकारचा व्यसनमुक्ती साहाय्याचा दूरध्वनी क्रमांक 14446 आहे.