खेजडी तोडून मॉल नको

जयपुरात मे महिन्यात रात्रीही भिंती हाताला चटका देतात. माझ्या सासूबाईंना रक्तदाब आहे. दिवसाचं ऊन त्या सोसतात, पण रात्र निवली नाही की शरीराला उसंतच मिळत नाही. हृदयावर, मूत्रपिंडांवर ताण वाढतो तो त्यामुळेच.

रात्र निवायला झाडं लागतात, म्हणून विमानतळाजवळचं ‘डोल का बाढ’ हे सुमारे १०० एकरांचं रान मला दवाखान्याइतकंच गरजेचं वाटतं. युनिटी मॉलसारख्या प्रकल्पांसाठी तिथली झाडं तोडण्याविरुद्ध २०२५ मध्ये लोक रस्त्यावर उतरले, ते योग्यच होतं. तिथल्या खेजडीची, म्हणजे शमीची, मुळं खोलवर पाणी शोधतात, म्हणून ऐन उन्हाळ्यात तिला पालवी फुटते. तोडलेल्या झाडाच्या बदल्यात दुसरीकडे लावलेलं रोप अशी सावली कधी देणार? सासूबाई आज सत्तरीच्या आहेत.