चरबी हटवा, पण कोणती आणि कशाने?

पोटाचा घेर घटविण्यासाठी पूर्वी आहार, व्यायाम आणि ते न साधल्यास शस्त्रक्रिया एवढेच मार्ग होते. आता शहरांतील सौंदर्योपचार केंद्रांच्या जाहिरातींतून 'ना चाकू, ना टाके, ना रजा' अशी ग्वाही दिली जात आहे. परिणामी ग्राहकापुढे 'शस्त्रक्रिया की यंत्र' एवढाच प्रश्न उरतो. वस्तुतः त्याआधी काढावयाची चरबी नेमकी कोठे आहे, हे ठरवावे लागते.

पोटाची चरबी दोन ठिकाणी साठते. एक त्वचेखाली, चिमटीत येणारी. दुसरी खोलवर, आतडी आणि यकृताभोवती. मधुमेह व हृदयविकाराशी अधिक निकटचा संबंध आहे तो दुसरीचा. लायपोसक्शनची नळी असो वा चरबी गोठविणारे यंत्र, दोन्हींची मजल पहिलीपर्यंतच. २००४ साली 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी अभ्यासात १५ स्थूल महिलांची सुमारे ९ ते १० किलो चरबी लायपोसक्शनने काढण्यात आली. तरीही काही आठवड्यांनंतरच्या तपासणीत इन्शुलिनची परिणामकारकता, रक्तदाब किंवा कोलेस्टेरॉल यांत लक्षणीय सुधारणा दिसली नाही.

भारतीयांसाठी हा मुद्दा अधिक महत्त्वाचा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्येच 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचीच तुलना मांडली. दोघांचा बॉडी मास इंडेक्स सारखाच, २२.३. मात्र शरीरातील चरबीचे प्रमाण युडकिन यांच्यात ९.१ टक्के, तर याज्ञिक यांच्यात २१.२ टक्के आढळले. वजनकाट्यावर सडपातळ ठरणारा भारतीयही निर्धास्त राहू शकत नाही, हा त्याचा अर्थ. कंबरेचा घेर पुरुषांत ९० आणि स्त्रियांत ८० सेंटिमीटरच्या पुढे गेला असेल, तर सौंदर्योपचाराआधी रक्ततपासणी करणे शहाणपणाचे.

शस्त्रक्रियेचे पारडे

केवळ आकार सुधारणे हाच हेतू असेल, तर मात्र शस्त्रक्रियेचा परिणाम अधिक ठळक असतो. एकाच वेळी काही लिटर चरबी काढता येते आणि फरक काही आठवड्यांत दिसतो. डॉ. जेफ्री क्लाइन यांनी १९८० च्या दशकात भुलीचे औषध मिसळलेले द्रावण त्वचेखाली भरण्याची पद्धत रूढ केल्यानंतर रक्तस्राव पुष्कळ घटला. तरीही ही शस्त्रक्रियाच आहे. २००० साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकी पाहणीत सुमारे ५ हजार शस्त्रक्रियांमागे एक मृत्यू आढळला होता. फुप्फुसात रक्ताची गुठळी अडकणे हे त्यातील प्रमुख कारण. पाच लिटरहून अधिक चरबी व द्रव काढावयाचे असल्यास रुग्णाला रात्रभर देखरेखीखाली ठेवावे, असा तेथील प्लास्टिक सर्जनांच्या संघटनेचा दंडक आहे. मे २०२२ मध्ये बंगळूरच्या एका खासगी रुग्णालयात चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर कन्नड मालिकांतील २१ वर्षांच्या अभिनेत्रीचा मृत्यू झाला, तेव्हा हा धोका आपल्याकडेही चर्चेत आला.

यंत्राचे पारडे

चरबी गोठविण्याच्या उपचाराला, म्हणजेच क्रायोलिपोलिसिसला, अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१० मध्ये मान्यता दिली. चरबीच्या पेशी त्वचेपेक्षा लवकर थंडीला बळी पडतात, हे त्यामागचे तत्त्व. एका बैठकीत त्या जागेवरील थर साधारणतः २० ते २५ टक्के घटतो आणि परिणाम दिसण्यास दोन-तीन महिने लागतात. कंबरेवरील छोट्या वळ्या हा त्याचा योग्य उपयोग. सुटलेल्या पोटाकडून चमत्काराची अपेक्षा व्यर्थ. बाळंतपणानंतर किंवा वजन घटल्यावर कातडी लोंबत असेल, तर लायपोसक्शनही पुरेसे नाही. जादा कातडी काढणारी वेगळी शस्त्रक्रिया लागते.

'शस्त्रक्रियाविरहित' म्हणजे 'धोकाविरहित' हा समजही भ्रामक आहे. गोठविलेल्या जागीच चरबी कमी न होता उलट वाढून कडक होण्याचा दुर्मीळ दुष्परिणाम २०१४ मध्ये प्रथम नोंदला गेला. सुपरमॉडेल लिंडा इव्हँजेलिस्टा हिने २०२१ मध्ये आपली हीच कैफियत जाहीर केली. २०२२ मध्ये कंपनीशी तिचा समझोता झाला. अशी वाढ सहसा आपोआप जिरत नाही आणि ती काढण्यासाठी अखेर शस्त्रक्रियेचाच आधार घ्यावा लागतो. म्हणजे चाकू टाळण्यासाठी निघालेला रुग्ण फिरून चाकूपाशीच येऊ शकतो.

जबाबदारी कोणाची?

आर्थिक भार पूर्णतः ग्राहकाचा आहे. केवळ सौंदर्यासाठी केलेल्या शस्त्रक्रियेला आरोग्यविमा लागू होत नाही आणि वस्तू व सेवा करात आरोग्यसेवेला असलेली सूटही मिळत नाही. कायद्याचा आधार मात्र आहे. सशुल्क वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्ये स्पष्ट केले. तर उपचाराचे स्वरूप, पर्याय आणि धोके सांगितल्याविना घेतलेली संमती ग्राह्य नाही, असे २००८ मध्ये बजावले.

त्यामुळे पैसे भरण्यापूर्वी चार गोष्टी लेखी मिळविणे इष्ट: उपचार करणाऱ्याची पदवी व नोंदणी क्रमांक, भूल कोण देणार, अतिदक्षता विभाग किती अंतरावर आहे आणि परिणाम बिघडल्यास खर्च कोणाचा. यंत्राच्या उपचारातही भुलीचा प्रश्न वगळता हीच यादी लागू पडते. ही उत्तरे देण्यास टाळाटाळ करणारे केंद्र सवलत कितीही देवो, तेथून परत फिरणेच हिताचे.