कुकरातला केक

खंडाळ्याला आलेले पाहुणे जाताना लोणावळ्याची चिक्की आणि चॉकलेट फज घेऊन जातात. इथल्या कितीतरी घरांत मात्र वाढदिवसाचा केक विकतचाच. का, तर ओव्हन नाही! अहो, कुकर आहे ना? तळाला मीठ पसरा, शिट्टी आणि रिंग काढा, दहा मिनिटं तापवा. दीड वाटी मैदा, पाव वाटी कोको, छोटा चमचा खायचा सोडा चाळून घ्या. घाटातल्या पावसात कोकोच्या गुठळ्या होतातच. वाटीभर पिठीसाखर, तेवढंच पाणी, पाव वाटी तेल, मोठा चमचाभर व्हिनेगर घाला. अंडं नकोच. मिश्रण फसफसतं, म्हणून लगेच डब्यात ओतून मंद आचेवर पाऊण तास ठेवा.

पुढे शेजारीण ऑर्डर देईलच. तेव्हा गॅस आणि आपला वेळही हिशेबात धरा बरं. चिक्कीवाला काय नुसत्या गूळ-दाण्यांच्या भावात चिक्की विकतो?