शेतातली खापरे

इंग्लंडमधल्या रटलंड भागात २०२० साली, टाळेबंदीच्या दिवसांत, एका शेतकऱ्याच्या मुलाला गव्हाच्या शेतात वेगळीच खापरे दिसली. जाणकारांनी खणले, तर खाली तिसऱ्या-चौथ्या शतकातला रोमन धनिकाचा वाडा! ११ मीटर लांब, ७ मीटर रुंद फरशी आणि तिच्यावर रंगीत खड्यांनी मढवलेली ट्रॉयच्या युद्धाची चित्रे. भोवती कोठारे, न्हाणीघर.

वाचकहो, डहाणू-तलासरीच्या मातीत असे काय असणार, असे म्हणू नका. तलासरीची हद्द ओलांडली की गुजरातेतले संजाण. तिथे २००२ ते २००४ मध्ये उत्खनन झाले. आठव्या ते तेराव्या शतकातली बंदराची वस्ती सापडली. इराणकडची झिलईची भांडी निघाली, थेट चीनची भांडीही निघाली.

खुद्द डहाणूचे नाव तर त्याहून जुने. नाशिकच्या पांडवलेण्यांत भिक्खूंसाठी कोरलेल्या १० क्रमांकाच्या लेण्यात, नहपान राजाचा जावई उषवदात याचा सुमारे १९०० वर्षांपूर्वीचा लेख आहे. दमण, तापी, दाहनुका अशा सहा नद्यांवर त्याने फुकट नावा ठेवल्या, दोन्ही तीरांवर पाणपोया घातल्या. दाहनुका म्हणजे आपली डहाणूची खाडी. त्याच लेखात नानंगोल गावच्या ३२,००० नारळांचे दान आहे. हे गाव म्हणजे नारगोळ, असे अभ्यासक मानतात. दात्याचे नाव दगडात राहिले. नावा वल्हवणाऱ्यांचे एकही नाव तिथे नाही!

त्यांची घरे शोधायची कुठे? वाड्याचा पाया दगड-विटांचा, तो टिकतो. कारवीच्या कुडाचे घर मोडले की उरतात खांबांचे खड्डे, चुलीची राख आणि खापरे. खड्ड्यात भरलेली माती भोवतालच्या मातीहून काळपट दिसते, त्यावरून घराचा आकार कळतो. म्हणून कष्टकऱ्यांच्या इतिहासाला खापर हेच मोठे साधन.

जमिनीत १० रुपयांहून जास्त किमतीचा ठेवा सापडला तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावे, असा १८७८ चा कायदा आहे. खापराला १० रुपये कोण देणार? त्यामुळे ते वीटभट्टीच्या मातीत जाते, नाहीतर भरावात. विहीर, पाया, भट्टीची माती खणताना एकाच जागी ढीगभर खापरे, राख, मोठ्या जुन्या विटा दिसल्या तर आमच्या बंधू-भगिनींनी हात थांबवावा. किती खोलीवर सापडले ते लिहून ठेवावे, फोटो काढावा आणि पुरातत्त्व खात्याला कळवावे. खापर धुऊन घरी आणले की ते कुठल्या थरातले, हे कोणालाच सांगता येत नाही.